पान शोधातून घालवायचंय: रोबॉट्स फाइल, नोइंडेक्स, ४१० की रिमूव्हल?

साइट आपलीच असेल, तर तिच्यातलं एखादं पान शोध निकालांतून घालवण्याचे रस्ते मोजकेच आहेत. रोबॉट्स फाइलमध्ये (क्रॉलरला, म्हणजे शोधयंत्राच्या पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, सूचना देणारी फाइल) अडवायचं, पानावर नोइंडेक्स (‘यादीत घेऊ नका’ ही खूण) लावायचा, पानच उडवून ४०४ (सापडलं नाही) किंवा ४१० (कायमचं गेलं) हा कोड द्यायचा, नाहीतर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातून रिमूव्हलची, म्हणजे निकालांतून काढण्याची, विनंती टाकायची. कुठली गोष्ट कशी लावायची हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. घोळ होतो तो निवडताना, कारण लांबून पाहिलं तर चारही एकच काम करताना दिसतात.

माझं मत कशामुळे बनलं ते आधी सांगतो. एका संस्थेची जुनी साइट मी सांभाळायला घेतली. तिच्यावर कार्यक्रमांची आणि सहभागींची बरीच जुनी पानं होती आणि ती शोधात दिसू नयेत असं संस्थेत आधीच ठरलं होतं. त्या फोल्डरवर रोबॉट्स फाइलमध्ये डिसअलाउची, म्हणजे ‘इथे येऊ नका’ अशी, ओळही होती. तरी पानं शोधात येतच होती. खाली मजकुराचा उतारा नाही, धड शीर्षक नाही, नुसता पत्ता आणि माहिती उपलब्ध नसल्याची एक ओळ. पण ज्यांना आपलं नाव नको होतं, त्यांचं नाव त्या पत्त्यातच होतं, तेही आडनावासकट! कार्यक्रमाचं निरुपद्रवी वर्णन तेवढं झाकलं गेलं होतं.

यात शोधयंत्राची चूक नाही. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेला आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने प्रमाण ठरलेला रोबॉट्स फाइलचा हा संकेत क्रॉलरला एवढंच सांगतो की इथलं वाचू नका. यादीत घेऊ नका, असं त्यात कुठेही नाही. बाहेरच्या कुणी त्या पानाला दुवा दिला असेल, तर पान न उघडताच पत्ता यादीत जाऊ शकतो. सर्च कन्सोलच्या अहवालात अशा पानांसाठी वेगळा शेराच आहे: रोबॉट्स फाइलने अडवलेलं, तरीही इंडेक्स झालेलं, म्हणजे यादीत गेलेलं.

खरा वैताग पुढे आहे. अशा पानावर नोइंडेक्स लावला तरी काही होत नाही, कारण तो वाचायला क्रॉलर पानापर्यंत पोचतच नाही. दाराला कुलूप घालून ‘कृपया निघून जा’ ही चिठ्ठी आतल्या टेबलावर ठेवण्यातला प्रकार. म्हणजे पान घालवायचं तर आधी अडथळा काढून क्रॉलरला आत येऊ द्यावं लागतं. हे साइटच्या मालकांना पटवणं हे तांत्रिक कामापेक्षा अवघड असतं. “लपवायचंय म्हणता आणि उघडं कसं करता?” या प्रश्नावर माझ्या बऱ्याच बैठका खर्ची पडल्या आहेत. काही जुने लेख रोबॉट्स फाइलमध्येच नोइंडेक्सची ओळ लिहायला सांगतात, त्या वाटेलाही जाऊ नका. १ सप्टेंबर २०१९ पासून गूगल ती ओळ मानत नाही.

एवढ्यावरून रोबॉट्स फाइल निकामी आहे असं म्हणणार नाही. फिल्टर आणि क्रमवारी यांच्या जोड्यांतून तयार होणारे हजारो पत्ते क्रॉलरने चघळत बसू नयेत, यासाठी ती चांगलीच. पण ती कुणालाही उघडून वाचता येते. गुपित फोल्डरचं नाव तिथे लिहिणं म्हणजे स्वतःहून पत्ता देणं.

रिमूव्हलच्या विनंतीचं आकर्षण मला समजतं. माझ्या अनुभवात साधारण दिवसभरात पान दिसेनासं होतं आणि मालक खूश होतात. मात्र गूगलकडे ही सोय सुमारे सहा महिन्यांपुरती असते, आणि बिंगसाठी वेगळी विनंती करावी लागते. मधल्या काळात पानावर काहीच केलं नसेल, तर ते परत हजर होऊ शकतं. तातडी असेल तर जरूर वापरा, पण नुसत्या तिच्यावर थांबू नका.

४०४ की ४१० यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. ४१० थोडा लवकर लागू पडतो असं म्हणतात, मला फरक जाणवला नाही. पान खरंच कुणाला नको असेल, तर हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग. फक्त सर्व्हर खरोखर तो कोड देतोय ना, ते तपासा. बऱ्याच साइट ‘पान सापडलं नाही’ असं सुंदर पान दाखवतात आणि सोबत २०० (सगळं ठीक) हा कोड पाठवतात, किंवा उडवलेले सगळे पत्ते मुखपृष्ठावर वळवतात.

आमच्याकडे पानं उडवता येत नव्हती, जुने सभासद थेट दुव्यावरून ती उघडत असत. म्हणून नोइंडेक्स, आणि आता कुणी विचारलं तर बहुतेक वेळा मी तोच सुचवतो. पान जागेवर राहतं, पत्तासुद्धा निकालांतून जातो आणि मुदत संपण्याची भानगड नाही. नोइंडेक्स एरवी पानाच्या कोडमध्ये मेटा टॅग म्हणून लिहितात; पीडीएफमध्ये तो घालता येत नाही, तिथे तेच काम एक्स-रोबॉट्स-टॅग हा हेडर (सर्व्हर फाइलसोबत पाठवतो ती सूचना) करतो. तुमच्या होस्टिंगवर हेडर बदलता येत नसतील, तर मात्र अडचण आहे. आणि दुवा असलेला कुणीही पान उघडू शकतोच, त्यामुळे मजकूर खरोखर खासगी असेल तर पासवर्डच लावावा.

नोइंडेक्सचा एकच जाच म्हणजे वाट पाहणं. क्रॉलर पुन्हा येईपर्यंत काहीच हलत नाही, आणि कोपऱ्यातल्या जुन्या पानांवर तो महिनोन्‌महिने फिरकत नाही. मोजकी पानं असतील तर सर्च कन्सोलमधून पुन्हा क्रॉल करण्याची विनंती करता येते. जास्त असतील तर ती साइटमॅपमधून, म्हणजे शोधयंत्रासाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीतून, लगेच काढू नका. उलट बदलाची ताजी तारीख घालून काही काळ तिथेच राहू द्या आणि अहवालात ‘नोइंडेक्समुळे वगळलं’ असा शेरा दिसू लागला की मगच काढा. डिसअलाउची ओळ मात्र त्यानंतरही परत टाकू नका.