ग्रिल्स की स्ट्राउड : रानात कोणाचं ऐकायचं?

गौताळ्याच्या अभयारण्यात जाऊन आल्यापासून भाच्याच्या डोक्यात रानात राहायचं शिकायचं खूळ आहे. कुठल्याशा कॅम्पची फी भरण्याआधी त्यानं विचारलं, "मामा, बेअर ग्रिल्सचं बघून शिकू की लेस स्ट्राउडचं?" रानात एकट्यानं कसं तगायचं ते दोघंही टीव्हीवर दाखवतात; ग्रिल्स 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'वाला, स्ट्राउड 'सर्व्हायव्हरमॅन'वाला. मी दोघांनाही बरीच वर्षं बघत आलोय.

ग्रिल्सला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते अर्धवट होईल. ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या खास पथकाच्या राखीव दलात होता, 1996 साली पॅराशूटच्या अपघातात पाठ मोडली आणि 1998 साली गडी एव्हरेस्टवर. अंगात दम आहेच. कार्यक्रमाच्या चित्रीकरणात काही रात्री तो हॉटेलात झोपत होता, हे 2007 साली इंग्लंडात बाहेर आलं. मग काही प्रसंग मुद्दाम घडवून आणलेले असतात, अशी सूचना पडद्यावर येऊ लागली. मला त्याचा फारसा राग नाही. तमाशातला राजाही फड उठल्यावर चहा पितोच. 2019 साली पंतप्रधान मोदी त्याच्यासोबत कॉर्बेटच्या जंगलात दिसले, त्यानंतर आमच्या गल्लीतली लेकरं काठीला चाकू बांधून फिरायला लागली. रानाची गोडी लावायला ग्रिल्सइतका माणूस नाही.

मला खटकतो तो कट. खड्डा खणताना दाखवतात आणि पुढच्या क्षणी पाणी हजर. मधला वेळ आणि मधला घाम कुठं गेला?

हे मला एका मे महिन्यात कळलं. ग्रिल्सच्या वळणावर जाणाऱ्या एका आपल्याकडच्याच माणसाचा व्हिडिओ बघून मी नाल्यात खड्डा खणला. मधोमध वाटी, वरून प्लास्टिक, प्लास्टिकच्या मध्यावर खडा. उन्हानं मातीतली ओल वर येते, प्लास्टिकला लागून वाटीत ठिबकते. तत्त्व खरं आहे. पण वरची वाळू सरली की खाली मुरूम लागतो, आणि मुरमात टिकाव घातलेल्याला मी काय सांगू! खणता खणता सोबतची लिटरची बाटली पिऊन संपली. संध्याकाळी वाटीत दोन चमचे पाणी होतं, त्याला प्लास्टिकचा वास. व्हिडिओत पेला भरलेला होता.

स्ट्राउड एकटा जातो. मदतीची माणसं लांब कुठं तरी असतात, कॅमेरे त्याचे त्यालाच वाहावे लागतात. कॅमेरा उभा करायचा, टेकडी चढायची, मग खाली येऊन कॅमेरा उचलून पुन्हा चढायची. आपल्याला एकदा दिसते ती चढण तो दोनदा चढलेला असतो. लाकडावर लाकूड घासून विस्तव पेटला नाही तर पेटला नाही असंच दाखवतो. तो चेहरा बघितला की मला आमचे आजोबा आठवतात. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस घेऊन ते चकमक झाडायचे. पावसाळ्यात कापूस सर्द झाला की ठिणगी पडायची पण धरायची नाही. मग आजोबा आधी कापसाला आणि नंतर आम्हाला शिव्या द्यायचे.

स्ट्राउड रटाळ वाटतो, हे कबूल. तो मूळचा कॅनडाचा. आपल्या पळस-धावड्याच्या, उघड्या खडकाच्या रानात त्याचं सगळंच लागू पडेल असं नाही. कसब बघायचं तर टीव्हीवरच रानातलं कसब शिकवणारा इंग्लंडचा रे मिअर्स दोघांच्याही वरचा, आणि स्थानिक माणसाकडून शिकलो हे तो मोकळेपणानं सांगतो. पण चाकूकाम आणि झाडांची ओळख शिकायची असेल तरच त्याच्याकडे जा.

इथल्या कॅम्पवाल्यांना मात्र मी साप चावल्यावर काय करायचं ते विचारतो. चिरा देऊन रक्त चोखायला किंवा पाय करकचून बांधायला सांगितलं, की मी चप्पल घालतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, या चौघांवर चालणारी लस दवाखान्यात मिळते. तिथं लवकर पोचवणं हेच काम. एका ठिकाणी लष्करी रंगाची पँट घातलेल्या एकानं माझ्याच पोटरीला रुमाल आवळून दाखवला होता.

तर माझा कल स्ट्राउडकडे. तुमचं मत वेगळं असू शकतं. नुसती गोडी लागायची असेल तर ग्रिल्स बघाच. भाच्यानं परवा कॅम्पवाल्याला फोन लावला आणि मी सांगितलेलं विचारलं, "सर, तुमचा विस्तव कधी पेटला नाही, असं झालंय का?" तो म्हणाला, "आपल्याकडं तसं होतच नाही." फी अजून भरलेली नाही.