60 मिमीचं अंतर आणि बोगद्याचं तोंड: एचओ लेआउट आठ महिने चालवल्यानंतर

रूळ डिसेंबरात पडले, आता ऑगस्ट संपत आलाय. मुंबईचा मे आणि जवळजवळ पूर्ण पावसाळा या लेआउटने काढला, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. एचओ म्हणजे 1:87 प्रमाणातली मॉडेल रेल्वे; गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 16.5 मिमी. दुहेरी मार्गाचं लंबगोल आहे आणि मागच्या वळणावर बोगदा. आयसीएफ (जुन्या बनावटीचे डबे) आणि एलएचबी (नव्या बनावटीचे, जास्त लांब डबे) अशा दोन्ही गाड्या धावतात. वळणावर दोन मार्गांच्या मध्यरेषांमधलं अंतर 60 मिमी ठेवलं होतं, तो आकडा टिकला. बोगद्याच्या तोंडाचा आकडा मात्र चुकला, आणि तो का चुकला हे सांगण्यासारखं आहे.

आधी जागेचं. आठ बाय चारचा प्लाय सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही. दुकानातच मधोमध कापून चार बाय चारचे दोन तुकडे आणायचे. चार फूट म्हणजे 1219 मिमी. 610 त्रिज्येच्या वळणाचा व्यास 1220, म्हणजे रुळाची मध्यरेषा प्लायच्या कडेच्याही बाहेर. म्हणून आतल्या मार्गाची त्रिज्या 490, बाहेरच्याची 550. बाहेरच्या मार्गापासून कडेपर्यंत जेमतेम 60 मिमी उरतात, तिथे दोन इंच उंचीची ॲक्रिलिकची पट्टी हवीच. खाली लादी असते.

आता 60 का? तयार रुळांच्या मालिकांपैकी पेको स्ट्रीमलाइनचे पॉइंट (मार्ग फुटतो ते सांधे) 50.8 मिमीसाठी बनलेत, पेको सेटट्रॅक 67 साठी, काटोचा एचओ युनिट्रॅक 60 साठी. क्रॉसओव्हर (एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर नेणारा जोड) ज्या मापाचा, ते अंतर आपोआप गळ्यात पडतं. सरळ मार्गावर 50.8 दिसायला छान आणि पुरेसंही. गंमत म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या मापांतही 50.8 आणि 60 च्या जवळचे आकडे सापडतात: जुन्या मार्गांसाठी किमान 4,265 मिमी, नव्या कामासाठी 5,300. 87 ने भागलं की 49 आणि 61.

पण वळणावर हिशेब बदलतो. एलएचबीची बॉडी 23,540 मिमी, दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) केंद्रांमध्ये 14,900, रुंदी 3,240. एचओत हे झालं 270.6, 171.3 आणि 37.2. वळणावर डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. पोट किती येतं ते काढायला बोगी-अंतराचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या; 550 वर ते 6.7 मिमी. टोकासाठी अर्ध्या लांबीच्या वर्गातून अर्ध्या बोगी-अंतराचा वर्ग वजा करायचा आणि त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. 490 वर 11.2. बाहेरच्या गाडीचं पोट आणि आतल्या गाडीचं टोक समोरासमोर आलं की 6.7, 11.2 आणि डब्याची रुंदी 37.2 मिळून 55 मिमी. 60 ठेवले तर पाच मिमी मोकळे राहतात. 50.8 ठेवले असते तर चार मिमीने टक्कर, तीही दोन्ही गाड्या नेमक्या वळणावर भेटल्या तरच. म्हणून एकच गाडी फिरवून केलेली चाचणी फसवी.

गणित नको असेल तर जाड पुठ्ठ्याचा 271 बाय 37 चा तुकडा कापा, 171 मिमीवर दोन टाचण्या टोचा आणि टाचण्या मध्यरेषेवर ठेवून सरकवत जा. कोपऱ्यात पेन्सिल धरली की झालं. डबा मात्र स्वतः मोजून घ्या, खोक्यावरच्या ‘एचओ’वर जाऊ नका. 50.8 वरून 60 वर जायला वळणाआधी साधारण 300 मिमी लांबी दिली आहे, फ्लेक्स ट्रॅकने (हवा तसा वाकवता येणारा रूळ). आठ महिन्यांत तिथे एकही डबा रुळावरून उतरला नाही.

बोगद्याचं तोंड एका मार्गाचं, 550 वर, 56 मिमी रुंद, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 28-28. आयसीएफ दोन मिमी राखून निघून जातो. एलएचबीचं टोक अंगच्या रुंदीसकट मध्यरेषेपासून 28 मिमी बाहेर येतं. त्यात बोगीची थोडी हालचाल धरली की घासणार. घासलाच. बाहेरच्या बाजूला, पोर्टलच्या (तोंडाच्या चौकटीच्या) दगडी कडेवर, डब्याच्या कोपऱ्याच्या उंचीला रंगाची बारीक रेघ उमटली होती. आता आत 30, बाहेर 33 आहे. म्हणजे तोंडाचा मध्य आणि रुळाचा मध्य एक नाही. एलएचबीची टोकं पोटापेक्षा जास्त बाहेर येतात, म्हणून बाहेरची बाजू मोठी. तोंड वळण संपल्यावर सरळ मार्गावर ठेवायचं असेल, तर वळणापासून एक पूर्ण डब्याची लांबी सोडा. त्याहून जवळ असेल तर वळणाचंच माप लागू.

आणखी एक चूक हौसेची. वळणाला बाहेरच्या रुळाखाली एक मिमीची पट्टी देऊन गाडी कलती केली. दिसतं सुरेख! पण 16.5 मिमीच्या गेजवर एक मिमी उचललं की 46 मिमी उंचीवरचं छत जवळपास 2.8 मिमी आत झुकतं. आतल्या भिंतीचा हिशेब पुन्हा करावा लागला. बोगद्यात पट्टी काढून टाकली. आत कोण बघतंय?

पावसाळ्याने भिंतींची परीक्षा घेतली. आतलं अस्तर पुठ्ठ्याचं होतं, जुलैत ते फुगून मध्यभागी दोन-तीन मिमी पुढे आलं. त्याजागी 3 मिमीचा सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमची फळी) लावल्यावर विषय संपला. 12 मिमीचा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय जागचा हलला नाही. दोन टेबलांच्या सांध्यावर मात्र रूळ पितळी स्क्रूंना झाळून घ्या, नाहीतर दर वेळी जोडताना अंतर केसभर बदलतं.

विजेचं इंजिन पँटो (छतावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) वर करून चालवणार असाल तर उंचीकडे बघा. खरी तार 5.5 मीटरवर धरली तर एचओत 63 मिमी. बोगद्यात तार नसली की पँटो स्प्रिंगने पूर्ण उघडतो आणि बाहेर पडताना पोर्टलच्या कमानीत अडकतो. आत छताखाली, तारेच्याच उंचीवर, पितळेची पट्टी बसवली की तो तिच्याखालून घसरत जातो. पट्टीची दोन्ही टोकं थोडी वर वळवा.

वरून दुसरा मार्ग नेण्याचा विचार इथे सोडला. खालची मोकळी उंची, प्लाय आणि कॉर्क धरून 85 मिमी चढायचं, बोर घाटाच्या 37 ला 1 चढाने, तर 3,145 मिमी लांबी फक्त चढायलाच लागते. आठ फुटांची बाजू 2,438.

डोंगर उचलता येईल असाच ठेवा, आणि मागच्या फळीला हात जाईल एवढं भोक. बोगद्यात रुळावरून उतरलेला डबा मार्गांमधल्या 60 मिमीत दोन बोटांनी उचलता येतो, पण शेजारच्या मार्गावर गाडी उभी असेल तर नाही. आधी ती पुढे काढावी लागते.