लिंगनबेरीचा जॅम: पावाला नको, वड्याला लावा

वाशीच्या सेक्टर १७ मध्ये इंपोर्टेड मालाचं एक चिंचोळं दुकान आहे, तिथे लिंगनबेरी या छोट्या आंबट लाल फळाचा स्वीडिश जॅम मिळतो. बाटली लहान, किंमत पाचशेच्या आतबाहेर. निकाल आधीच सांगून टाकते: घेण्यासारखा आहे, पण पोरांच्या डब्यातल्या ब्रेडला लावायला घेणार असाल तर पैसे वाया. माझ्या भाच्याने एक घास खाल्ला आणि उरलेला ब्रेड गुपचूप माझ्या ताटात सरकवला.

मी नौपाड्यात घरगुती लोणची-मुरांबे करून विकते. बॉटनीत बी.एस्सी. झाले होते, ती पदवी पुढे लोणच्यातच मुरली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, करवंदाचा जॅम लिंगनबेरीसारखा करून द्याल का? मुलगा स्वीडनहून आलाय, त्याला इथलं गोडमिट्ट चालत नाही." म्हटलं, आधी ते प्रकरण काय आहे ते चाखून तरी बघू. ठाणे-वाशी लोकलने दुपारी गेले आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परत आले.

आता बाटलीबद्दल. रंग सुंदर, माणकासारखा लाल, आणि तोही फळाचा स्वतःचा. फळं मटाराहून थोडी लहान, बरीचशी अख्खी. घट्टपणा बेताचा, चमच्यावरून सावकाश ओघळतो. जॅमला घट्टपणा देणारं पेक्टिन या फळात भरपूर असतं, त्यामुळे फार आटवावं लागत नाही, हे करणाऱ्याला माहीत असावं. चव तीन टप्प्यांत येते: आधी साखर, मग सणसणीत आंबट, आणि गिळताना घशाशी किंचित कडू-तुरट. तो शेवटचा टप्पाच मला आवडला. तक्रार साखरेची. लेबलवर फळाच्या बरोबरीनेच साखर आहे, आणि या फळाला टिकण्यासाठी तिची गरजच नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या धंद्यातली गोष्ट आहे. लोणचं टिकावं म्हणून सोडियम बेंझोएट घालावं की नाही यावर आम्हा बायकांमध्ये कायम वाद. त्याच्या मुळाशी असलेलं बेंझोइक आम्ल लिंगनबेरीत जन्मतःच असतं. स्वीडनमध्ये पूर्वी ही फळं नुसत्या पाण्यात बुडवून बरणीत ठेवायचे, साखर नाही, शिजवणं नाही, आणि ती हिवाळाभर टिकायची. कैरी अशी ठेवून बघा, आठवड्यात बुरशीचा गालिचा तयार होईल.

झाडाने एवढी तयारी आपल्या बरणीसाठी केलेली नाही. लिंगनबेरी उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात वाढते आणि त्याच्याही पलीकडे टुंड्रातही. टुंड्रा म्हणजे जिथे मोठी झाडं संपतात, जमीन खाली कायमची गोठलेली असते आणि उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. तिथे हे झुडूप वीतभर उंचीचं, जमिनीला चिकटून राहणारं. फळं उन्हाळा सरता सरता पिकतात आणि कुणी खाल्ली नाहीत तर तशीच बर्फाखाली पडून राहतात. वसंतात बर्फ वितळला की परतलेले पक्षी आणि गुहेतून बाहेर पडलेली अस्वलं मागच्या वर्षीची फळं खातात. ते बेंझोइक आम्ल, तो आंबटपणा, ती जाड चकचकीत साल, सगळं या वाट पाहण्यासाठी.

वाट का पाहायची? चमचाभर जॅम बोटांत चुरडून बघा, मिलिमीटरभराच्या तपकिरी बिया हाताला लागतील. दाताखाली त्या जाणवतही नाहीत, आणि खाणाऱ्याच्या पोटातून न चावता पार व्हायचं असेल तर तेच सोयीचं. अस्वल तर चावण्याच्या भानगडीत पडतच नाही, पानांसकट ओरबाडतं आणि गिळतं. हिवाळ्याच्या झोपेला जाण्याआधी स्वीडनच्या तपकिरी अस्वलाचा मोठा आहार अशा बेरीच असतो. पोटात गर निघून जातो आणि बी मोकळी होऊन विष्ठेबरोबर बाहेर पडते. गरात अडकलेल्या बीपेक्षा मोकळी बी सहज रुजते, हे करवंद, जांभूळ पेरणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

पण खरी अडचण पुढे आहे. टुंड्रात रिकामी जमीनच नसते. शेवाळ, दगडफूल आणि जुन्या झुडपांची गच्च सतरंजी पसरलेली, त्यात नवं रोप क्वचितच जीव धरतं. म्हणून ही झुडपं एरवी जमिनीखालच्या खोडांतूनच पसरतात. बीला हवी असते थोडी उघडी माती. अस्वल निजण्यासाठी जमीन उकरतं, तिथेच आसपास घाण करतं, आणि बीला खत व उघडी जागा एकदमच मिळते. हे वाचल्यावर मी अस्वलाला माळ्याची नोकरी देऊन टाकली.

दुसरा गडी आर्क्टिक कोल्हा. हा लेमिंग नावाचे उंदीर खाणारा, पण कोल्हा काकडीला राजी, तसा हा क्रोबेरी नावाच्या काळ्या फळांवरही भागवतो. त्याच्या बिळांवर पिढ्यान्‌पिढ्या उरलंसुरलं मांस, हाडं आणि विष्ठा साठत जाते. आजूबाजूचा प्रदेश करडा आणि बिळाचा उंचवटा हिरवागार, इतका की लांबून ओळखू येतो. इथे बी पडली तर तिचं नशीबच उघडलं म्हणायचं.

गराचं फळच नसलेल्या झाडांचं काय? टुंड्रात तीच जास्त. त्यांच्या बिया कस्तुरी बैल आणि हंस चरताना पानांबरोबरच गिळतात. ग्रीनलंडमध्ये या दोघांच्या विष्ठेत रुजू शकणाऱ्या बिया सापडल्या आहेत. म्हणजे तिथे पानच फळाचं काम करतं. आणि आइसलंडजवळ १९६३ साली समुद्रातून सुर्त्से नावाचं नवं बेट वर आलं, निव्वळ राख आणि लाव्हा. तिथल्या बहुतेक वनस्पती पक्ष्यांनी आणल्या, आणि कुरवांनी घरटी करायला सुरुवात केल्यावर त्यांच्या विष्ठेने बेट झपाट्याने हिरवं झालं. आपल्या ठाण्याच्या खाडीवर लोक कुरवांना गाठिया घालतात. त्यातून काय उगवणार, देव जाणे.

खाडीचा संबंध आणखी एका बाजूने आहे. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला चिखलात धावणारा गोल्डन प्लोव्हर पक्षी उन्हाळ्यात सैबेरियाच्या टुंड्रात असतो आणि तिथे क्रोबेरी खातो. लगेच कल्पनेचे घोडे दौडवू नका. बिया पोटात काही तासच राहतात, त्यामुळे बहुतेक तिथल्या तिथेच कुठेतरी पडतात. आणि एखादी ठाण्यात पडलीच तरी मे महिन्यात तिचं भाजून चूर्ण होईल.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या करवंदांनाही असेच गडी आहेत. उदमांजर, बुलबुल, आणि नवी मुंबईच्या खारफुटीकडे तर खरेखुरे कोल्हे. तरी करवंद बर्फाखाली थांबायला बनलेलं नाही. झाडावरून काढलं की दोन दिवसांत मऊ पडतं. म्हणून गिऱ्हाइकाला मी साफ सांगितलं, लिंगनबेरीची हुबेहूब नक्कल होणार नाही. करवंदाला साखर जास्त लागेल आणि तो शेवटचा कडवट घोट चीक धुतल्यावर निघूनच जाईल. अर्धी कच्ची, अर्धी पिकली घेऊन जवळपास जाता येईल. तेही मे महिन्यात, येऊरच्या पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन बसतील तेव्हा.

आता खायचा कसा. स्वीडिश लोक हा मांसाच्या गोळ्यांबरोबर आणि रेनडियरच्या मटणाबरोबर खातात, आणि त्यांचं बरोबर आहे. मी कोंबडी-वड्यांबरोबर वाढला. वडा, रश्शाचा झणका आणि बाजूला अर्धा चमचा हा आंबट लाल गर, नवरा दुसऱ्यांदा मागून घेतो. थालीपीठ-लोण्याबरोबर चांगला लागतो. साबुदाणा वड्याबरोबर ठीक. दह्यात कालवू नका, दही फाटल्यासारखं दिसतं. पोळीशी अजिबात नाही.

दुकानाबद्दल दोनच गोष्टी. आयातदाराचं स्टिकर नेमकं मुदतीच्या तारखेवर चिकटवलेलं होतं, ते नखाने खरवडून तारीख बघून घ्या. आणि दुकानदार शेजारच्या सुक्या क्रॅनबेरी "तीच चीज आहे" म्हणून गळ्यात मारायला बघतो. ती वेगळी, मोठी, अमेरिकेतल्या दलदलीतली, आणि हवीच असेल तर तुर्भ्याच्या एपीएमसीत सुक्यामेव्याच्या गाळ्यांवर स्वस्त पडते. जॅमची बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. फळ टिकाऊ असलं तरी आपला चमचा नेहमीच कोरडा असतो असं नाही.