सोलर मोजू नका, छप्पर बघा आणि सनद वाचा

गोव्यातल्या आमच्या ऊर्जाबचतीच्या सहकारी वसाहतीत रविवारी हटकून कोणीतरी बघायला येतं. डिचोलीहून, वाळपईहून, मागे एकदा तर थेट काणकोणहून एक कुटुंब आलं होतं. आले की मान वर करून सोलरची पॅनेलं मोजतात, फोटो काढतात, "बिल किती येतं हो?" विचारतात आणि जातात. माझं साखळीच्या बाजारात मोटर वाइंडिंगचं दुकान, त्यामुळे विजेचा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. सांगतो मी बिल. पण ही घरं थंड आहेत ती छपरामुळे आणि स्वस्त पडली ती जमिनीच्या कागदांमुळे. पॅनेलं नंतर आली. ती नसती तरी मी इथेच राहिलो असतो.

आधी जमीन. गोव्यात सोसायटी कशी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. बिल्डर बांधतो, विकतो, दुसऱ्या गावी बोर्ड लावतो. मग जिन्यातला दिवा कोणी बदलायचा म्हणून उरलेले लोक सोसायटी करतात. जमीन मात्र वर्षानुवर्षं त्याच्याच नाहीतर भाटकाराच्या, म्हणजे मूळ जमीनदाराच्या, नावावर. इथे उलटं झालं. सोसायटी आधी, २००१च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली नोंदवलेली. मग तिने स्वतःच्या नावाने जमीन घेतली, सनद, म्हणजे तिथे बांधायची सरकारी परवानगी, काढली, आणि चिरा लागला तो सगळ्यात शेवटी. यात नवं काहीच नाही. मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ साली सारस्वतांची सोसायटी उभी केली. शंभर वर्षांमागचं काम ते. आपण मधल्या मधे विसरलो.

आमच्याकडे जमीनही सोसायटीची आणि घरंही सोसायटीची. आम्ही भागधारक. राहायचा हक्क आमचा, तो मुलांकडे जातो, पण घर बाजारात नेऊन विकता येत नाही. सोडून जायचं तर पोटनियमांत ठरलेल्या वाढीसकट भागाचे पैसे परत मिळतात आणि यादीतला पुढचा आत येतो. पुष्कळांना हे रुचत नाही. "मग मालकी कसली?" म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगतो की २०११च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी निघाली, पाचातलं एक तरी. दिल्ली-मुंबईच्या माणसाने घेऊन कुलूप लावलेली त्यात कमी नसतील. आणि आमच्या वाड्यावरचा पोरगा लग्न ठरलं की भाड्याची खोली शोधत फिरतो. विकता येत नाही म्हणूनच हे घर त्याच्या आवाक्यात राहिलं. खर्च म्हणाल तर साखळीत दोन खोल्यांच्या फ्लॅटला जे सांगतात त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त.

जमीन मिळवताना मात्र दमछाक झाली. स्वस्त जमीन म्हणजे एकतर शेत, नाहीतर काजूचं भाट, म्हणजे बागायत. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३च्या कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे, मळे राहू देत. भाटात बांधायचं तर झोन आडवा येतो. शेवटी सेटलमेंट झोनमधला, म्हणजे जिथे घरं बांधता येतात तिथला, एक उतरणीचा तुकडा मिळाला, बिल्डरांनी 'कटिंगचा खर्च फार' म्हणून सोडलेला. आम्ही उतरण कापलीच नाही. घरं पायरीपायरीने बसवली. त्याचा तोटा म्हणजे म्हाताऱ्या माणसांना चढ. सासूबाई देवळातून येताना मधल्या कट्ट्यावर बसतात आणि आर्किटेक्टचा उद्धार करतात. तुम्ही असा प्रयत्न करणार असाल तर एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सात-बारा) कूळ किंवा मुंडकाराची (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे का हे सगळ्यात आधी बघा. बाकीचे कागद त्याच्या मागून.

कर्जाचं दुखणं निराळं. आमच्यातले बरेचसे खाणीवरचे ट्रकवाले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, २०१८ला परत बंद. ट्रकचे हप्ते ज्यांनी कसेबसे फेडले त्यांना घराचं कर्ज मागायला गेल्यावर उत्तर मिळालं की घर तुमच्या नावावर नाही, मग गहाण काय ठेवणार? एका बँकेत तर पोटनियमांची प्रत न उघडताच परत दिली. शेवटी सोसायटीने स्वतः कर्ज काढलं आणि आम्ही महिन्याला सोसायटीकडे भरतो. एकाचा हप्ता चुकला की तो बाकीच्यांच्या अंगावर येतो, त्यामुळे कोणाचा धंदा कसा चालला आहे हे सगळ्यांना माहीत असतं. हे आवडणारे असतात, न आवडणारेही असतात.

आता छप्पर. गोव्यात हल्ली स्लॅब घालतात, तो गळायला लागला की वर पत्रे ठोकतात, आणि एप्रिलमध्ये खाली एसी लावतात. आमच्याकडे स्लॅबच्या वर मंगळुरी कौलांचं पाखं आहे आणि दोहोंच्या मधे माणूस वाकून जाईल एवढी पोकळी. ऊन कौलांवर पडतं, पोकळीतली हवा तापते, वर चढते आणि आढ्याजवळच्या जाळीतून निघून जाते. स्लॅबपर्यंत उष्णता पोचतेच कमी. दुपारी अडीचला मी स्लॅबला खालून हात लावून बघतो, पाहुण्यांनाही लावायला सांगतो. दुकानातल्या उघड्या स्लॅबला त्याच वेळी हात लावला तर कळतं.

स्लॅबही साधा नाही. त्याच्या खालच्या अंगाला जुनी कौलं पुरली आहेत. स्लॅबच्या तळाशी ताण घेते ती सळी. तिथलं काँक्रीट बरंचसं भार म्हणूनच असतं. त्या जागी कौल बसवलं की सिमेंट वाचतं, वजन उतरतं आणि सळीही कमी लागते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हे जन्मभर केलं, आमच्या आर्किटेक्टने ते तिथूनच उचललं. कौलं पाडलेल्या घरांची आहेत. खालून गिलावा नाही, त्यामुळे खाटेवर आडवं पडलं की प्रत्येक कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप दिसतो. आमच्या खोलीत एक उलटं बसलंय. गवंड्याला दाखवलं तर म्हणाला, "भाऊ, तुम्ही डोकं तिकडे करून निजा."

भिंती चिऱ्याच्या, बाहेरून उघड्या, सांधे भरलेले. पश्चिमेला पडवी, त्यामुळे दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही भिंतीला लागत नाहीत. खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या पल्ल्यांच्या. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचा अर्धा भाग कायम बंदच असतो, वारा येणार कुठून? ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८च्या इको निवास संहितेत उष्ण-दमट हवेसाठी उघडणाऱ्या दारंखिडक्यांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या निदान सहाव्या भागाइतकं सांगितलं आहे. आमच्या आज्यांची घरं त्यात बसली असती, हल्लीचे फ्लॅट बसतील असं वाटत नाही.

मग विजेचं. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा नवा पंखा, २८ ते ३५. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १५ युनिटच्या आसपास वाचतात. चार पंखे, करा हिशोब. सोसायटीने पंखे घाऊक घेतले म्हणून स्वस्तही पडले. हे पंखे माझ्या पोटावर पाय आणणारे, कारण जळली तर कॉइल नव्हे, बोर्ड जातो, आणि बोर्ड रिवाइंड होत नाही. मे अखेरीस गडगडाट सुरू झाला की माझ्याकडे हे पंखे घेऊन रांग लागते आणि मी हात वर करतो. लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवा. त्यात कंजुषी नको.

सोलरबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. वीज गेली की आमचं सोलरही बंद होतं. भर दुपारी, लखलखीत उन्हात. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आमच्याच छपरावरून शॉक बसेल. लाइट गेल्यावर चालायला हवं तर बॅटरी घाला, आणि तिथे सगळा हिशोब बदलतो. एरवी किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट धरा, जुलैत त्याहून पुष्कळ कमी. अनुदान २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेतून: स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार, तीन किंवा जास्तीला एकूण ७८ हजार. सोसायटीच्या सामाईक वापराला दर निराळा, किलोवॉटमागे १८ हजार. आम्ही सामाईक बसवलंय, पंप आणि वाटेवरच्या दिव्यांसाठी. घरोघरचं ज्याचं त्याने बघायचं.

काय वाईट आहे? पावसाळा. हवा खेळती ठेवलेलं घर जुलैत ओल धरतं. मागच्या खोलीतल्या कपाटात चामड्याच्या चपला हिरव्या होतात, लग्नाच्या साड्या चवथीआधी उन्हाची वाट बघतात. आता लोक कपाटात १० वॉटचा दिवा लावून ठेवतात. ऊर्जाबचतीच्या वसाहतीत दिवसरात्र दिवा. शोषखड्ड्याचं कामही धड झालं नाही: जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा ते घेईना, खालच्या ओळीतल्या घरांनी पहिला पावसाळा नाक धरून काढला. ठेकेदार पैसे घेऊन मोकळा. शेवटी खड्डे बुजवून वरच्या बाजूला नवे केले, खर्च आमचाच. आणि माकडं. कौलांवर त्यांची टोळी उतरली की दहा-बारा फुटलीच समजा. कौलं परतून बसवणारा माणूस मिळत नाही. आता दोन ट्रकवालेच ते शिकलेत.

सभा हा वेगळा विषय. एक अख्खी संध्याकाळ माटोळीवर गेली होती. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळांचा मांडव, बांधायला दिवाणखान्यात आडवा वासा हवा, नकाशात फक्त पंख्याचा हुक होता. आर्किटेक्ट पुण्याचा, त्याला माटोळी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. नारळ, तोरिंजनं, सुपारीचे घड मिळून वजन किती होतं हे सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि प्रत्येक घरात भिंतीत चार कड्या वाढवल्या. बिल्डरकडे हे मागायची सोयच नसते.

सध्या वाद चालू आहे तो स्कूटरचा. तिघांनी बॅटरीवरच्या स्कूटर घेतल्या आणि पंपाच्या मीटरवरून रात्री चार्ज करतात. मी म्हटलं, सब-मीटर लावा, मी फुकट बसवून देतो. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "भाऊ, फुकट नको, आधी कोटेशन द्या, सभेपुढे ठेवू."