शिकागोचं भाषण की फुल्यांचं कुटुंब? नववी-दहावीच्या वर्गासाठी

परधर्माबद्दल आदर आणि आधुनिक धर्मचिंतक हा विषय नववी-दहावीत कुठून सुरू करावा? मराठी शिक्षकाच्या हाताशी दोन उत्तम मजकूर आहेत. एक, स्वामी विवेकानंदांची सप्टेंबर १८९३ मधल्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतली भाषणं. दुसरा, जोतीराव फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तला (१८९१) एका कुटुंबाचा उतारा.

शिकागोची बाजू सोपी आहे. ११ सप्टेंबरचं भाषण पाच मिनिटांत मोठ्यानं वाचून होतं आणि भाषांतरं सहज मिळतात. पारशांना दिलेल्या आश्रयाचा उल्लेख मुंबई-पुण्याच्या मुलांना लगेच कळतो. १५ सप्टेंबरची विहिरीतल्या बेडकाची गोष्ट तर सातवीतल्या मुलालाही समजेल. एकच तासिका असेल किंवा १२ जानेवारीचा विवेकानंद जयंतीचा कार्यक्रम असेल, तर हेच घ्या.

अडचण पुढे येते. मुलांना या भाषणातल्या टाळ्या आधीच माहीत असतात. वाचन संपताच वर्ग एका सुरात म्हणतो, “सगळे धर्म सारखेच, सर,” आणि वह्या मिटतात. कुणी खोटं बोलत नसतं, पण विचारही करत नसतं. कुठल्याही मजकुराचं भाषांतर जड असलं तर ते सोपं करता येतं. एकमत इतक्या लवकर झालं, तर मात्र शिक्षकाला करण्यासारखं काही उरत नाही. माझं पारडं फुल्यांकडे झुकलं ते यामुळेच.

फुल्यांचा उतारा जेमतेम परिच्छेदभर आहे. एकाच घरातली स्त्री बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून बौद्ध होते. नवरा जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते आणि मुलगा फुल्यांच्या या पुस्तकातला सत्यधर्म स्वीकारतो. चौघं एकत्र संसार करतात, आणि कुणी कुणाच्या धर्माचा द्वेष करायचा नाही. हे वाचल्यावर वर्ग लगेच भांडायला उठतो. घरात सण कोणता? स्वयंपाक कोणता? मुलीला कुणी परवानगी दिली? खरी चर्चा इथं सुरू होते.

दोन तासिका ठेवा. पहिलीत फळ्यावर चार चौकटी काढा: आई, वडील, मुलगी, मुलगा. प्रत्येक चौकटीखाली त्या व्यक्तीनं वाचलेलं पुस्तक लिहा. मुलं धर्माचं नाव लिहितात आणि पुस्तक गाळतात, हमखास. तिथं थांबा. फुल्यांच्या वाक्यात आधी वाचन आहे, मग मर्जी आणि मग धर्म. हा क्रम मुलांनीच शोधू द्या. दुसरीत चारचारच्या गटांनी त्या घरातला एक दिवस लिहायचा.

त्रास इथंही आहे. भाषा जुनी, वाक्य लांबलचक आणि ‘व’नं जोडत नेलेलं. ते तोडून चार वाक्यांत फळ्यावर लिहावं लागतं. ‘महमदी’ (म्हणजे मुसलमान) या जुन्या शब्दावर हसू फुटतं, म्हणून अर्थ आधीच सांगून टाका. पुस्तकातली ब्राह्मणशाहीवरची टीका धारदार आहे. ती टाळू नका, पण पहिल्याच तासाला तिला हात घालू नका. आणि एक पथ्य दोन्ही मजकुरांना लागू: वर्गातल्या एकुलत्या मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलाला ‘तुमच्यात काय असतं’ असं विचारू नका. त्या मुलावर आख्ख्या धर्माचं ओझं पडतं आणि ते मूल गप्प होतं.

विवेकानंद सोडा असं मी म्हणणार नाही, फक्त क्रम उलटा ठेवावा. तिसरी तासिका मिळाली तर २७ सप्टेंबरचं समारोपाचं भाषण घ्या. ख्रिश्चनानं हिंदू किंवा बौद्ध व्हायला नको, प्रत्येकानं दुसऱ्याचं सत्त्व पचवून आपलं वेगळेपण राखावं, असं ते तिथं सांगतात. फुल्यांच्या घरातली मुलगी मात्र स्वतः वाचून धर्म बदलते. तिला विवेकानंद काय म्हणाले असते, हा प्रश्न वर्गापुढे ठेवा आणि उत्तरासाठी पूर्ण वीस मिनिटं द्या.