बेटावर काय परवडेल: पाहुण्यांच्या खोल्या की समुद्री शेवाळ?

छोट्या बेटावरच्या कुटुंबाने शिल्लक कशात घालावी, असं एकीने विचारलं.

खर्चात शेवाळ सरस. दोर, खुंट्या आणि बियाण्याला जुन्याच पिकाचे तुकडे पुरतात. साधारण सहा आठवड्यांत काढणी. खोल्यांसाठी सिमेंटपासून सगळं बोटीने आणायचं. कमाई खोल्यांची मोठी, पण बराच पैसा बाहेरून येणाऱ्या अन्न-इंधनावर जातो.

जोखीम दोन्हीकडे. मालदीवने मार्च २०२० मध्ये पर्यटकांना दार लावलं, ते जुलैच्या मध्यावर उघडलं. टांझानियाच्या झांझिबार बेटांवर पाणी तापलं की शेवाळ रोगाने पांढरं पडून तुटतं. तरी तिथे ही शेती मुख्यतः बायकांच्या हातात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

कर्ज झेपणार नसेल तर शेवाळ. गोडं पाणी, नियमित बोट आणि वर्षभराची गंगाजळी असेल तरच खोल्या.