सुभाषनगरातली बूट दुरुस्ती: बास्केटबॉलचा जोड शिवून घेतला, त्याचा अनुभव

कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपला करणाऱ्यांच्या ओळीत एक छोटं दुकान आहे. पाटी नाही. काका मूळचे कोल्हापुरी चपलांचे कारागीर, पण खेळाच्या बुटांचे सोलही शिवून देतात, हे मला मैदानावरच्या एका पोराकडून कळलं.

भाचा एस.वाय. बीकॉमला आहे, कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. त्याच्या दोन्ही जोडांचे सोल पुढून उघडले होते. त्यातला एक आधी शहरातल्या एका मोठ्या दुकानात चिकटवून घेतला, तर तीन आठवड्यांत त्यानं पुन्हा तोंड वासलं. रेल्वेच्या खेळाडू भरतीची चाचणी जवळ आलेली, म्हणून शनिवारी सकाळी दोघं काकांकडे गेलो.

काकांनी पहिला जोड वाकवून बघितला. "ह्यो हुतोय." दुसऱ्याच्या आत अंगठा दाबला, सोडला, परत दाबला. "फोम मेलाय ह्याचा. शिवून दिला तर दिसंल झ्याक, पर उडी मारून खाली आलास की सगळा दणका गुडघ्यात. ह्याचं पैसं मी घेणार न्हाई."

तो त्याचा लाडका जोड. पोराचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र काकांचा हात धरावासा वाटला. आमच्या घरात महिनाभर जो वाद चाललाय, त्यात असं अंगठा दाबून बघून सांगणारं कुणीच नाही.

वाद असा, की कॉलेज सोडून आत्ताच नोकरी धरायची का. बारावीवर भरती झाली तर खालच्या पायरीवर, पदवी हातात असेल तर वरच्या पायरीच्या जागेला अर्ज करता येतो. दीड वर्षाचा प्रश्न आहे. भाच्याचं म्हणणं, "मामा, अमेरिकेतली पोरं एक वर्ष कॉलेज खेळून एनबीएत जात्यात. कूपर फ्लॅग गेलाच की." गेला. ड्यूक विद्यापीठाकडून एक वर्ष खेळला आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये डॅलसच्या संघानं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. एनबीए म्हणजे तिथली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्यातल्या संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं. पण तो पहिला जाणार हे सगळ्या जगाला माहीत होतं.

बुटाला लावलेलं सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, वाळेपर्यंत स्टुलावर बसून मी त्याला बाकीच्यांचं सांगत होतो. तिथं कॉलेजच्या पोरानं विचारलं तर संघांच्या अधिकाऱ्यांची एक समिती त्याला खासगीत कळवते: पहिल्या फेरीत जाशील, दुसऱ्या, की कुठंच नाही. पहिल्या फेरीतल्याला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. नाव देऊन, संघांसमोर खेळून दाखवून, मुदतीत नाव मागं घेतलं तर कॉलेजात परतता येतं. झॅक एडीनं 2023 ला तेच केलं. पर्ड्यू विद्यापीठात परतला, 2024 ला संघाला कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि मग मेम्फिसनं त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. आपला सतनाम सिंग 2015 ला कॉलेज न खेळता थेट ड्राफ्टमध्ये उतरला. 52 वा निवडला गेला, ड्राफ्टमध्ये निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. छाती भरून आली होती तेव्हा. पण एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही.

भाचा म्हणाला, "तिथं कॉलेजात पैसं मिळत्यात." हे मात्र खरं. 2021 पासून तिथल्या कॉलेजच्या खेळाडूला जाहिराती वगैरेंतून स्वतःच्या नावावर कमाई करता येते. त्या वर्षी 353 जणांनी आपोआप पात्र व्हायची वाट न बघता आधीच ड्राफ्टला नाव दिलं होतं, 2025 ला 106 जणांनी. थांबणं परवडायला लागलं की पोरं थांबतात. आमच्या पोराला कॉलेजात प्रवासभत्ता मिळाला तरी दिवाळी. त्याच्या घाईला मी नावं ठेवणार नाही.

आता कामाबद्दल. काकांनी जुना गोंद रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या पात्यानं, पूर्ण खरवडला, काचपेपर मारला, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून वाळू दिलं, मग गरम करून दाबलं. त्यानंतर आरीनं, म्हणजे चांभाराच्या टोच्यानं, कडेनं दुहेरी टाके. अंगठ्याजवळ, जिथं वळताना सगळा जोर येतो, तिथं टाके जवळजवळ घातलेत. दोरा मेणाचा. एक दिवस बूट घालायचा नाही, अशी ताकीद. 250 रुपये घेतले. पाच आठवडे रोज सिमेंटच्या कोर्टवर खेळून झालं, एक टाका हललेला नाही. फक्त पांढऱ्या बुटावर पिवळसर दोरा उठून दिसतो, ज्यांना दिसण्याचं पडलंय त्यांनी आधी सांगावं.

भाचा चाचणीला ह्याच जोडात जाणार आहे. निकाल लागेपर्यंत कॉलेजातून नाव काढायचं नाही, एवढं त्यानं आईजवळ कबूल केलंय.

जाताना बूट धुऊन, पूर्ण वाळवून, लेस काढून न्या. ओला बूट काका हातात घेत नाहीत. सकाळी लवकर जा, दुपारनंतर ते चपलांच्या ऑर्डरीला बसतात.